कण्याची घडण आणि अ जीवनसत्त्व

आज ज्या विषयाची ओळख करून देण्याचे मी योजिले आहे तो दिसण्यात मोठा शास्त्रीय आहे; परंतु माझ्याकडे तो शास्त्राच्या दाराने आला नाही, शाळेच्या दाराने आला. मी अकलूजच्या पंचक्रोशीतील एका प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते अधिकारवाणीने नव्हे. वाचून, जाणत्यांस विचारून आणि पुन्हा पुन्हा पडताळून जेवढे उमगले तेवढेच आपल्यापुढे ठेवीत आहे.

दिनांक 15 जानेवारी 2010, वार शुक्रवार. त्या दुपारी सूर्यग्रहण होते. दक्षिणेत कंकणाकृती, आमच्याकडे खंडग्रास. पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून सूर्याची कोर भिंतीवर कशी उमटवावी हे मी मुलांना दाखवीत होतो. इतक्यात चौथीतील एका मुलाची आई घाईघाईने शाळेत आली. मुलगा गणितात वर्गात पहिला. परंतु त्याचा कणा जन्मतःच एका बाजूस वाकलेला, एक खांदा वर आणि एक खाली. आई म्हणाली, "गुरुजी, याला आत घ्या. याच्या वेळेला मी ग्रहण पाळलं नाही, म्हणून तर याची पाठ अशी झाली."

हकीकत अशी की, मूल पोटात असता 11 ऑगस्ट 1999 रोजी संध्याकाळी ग्रहण लागले होते. त्या वेळी ही माउली विळीवर बसून भाजी चिरीत होती. पुढे मुलाची पाठ वाकडी दिसताच घरच्यांनी आणि शेजारणींनी दोहोंचा संबंध जोडून टाकला, आणि दहा वर्षे तिला तेच ऐकविले. मी शिक्षकी थाटाने म्हणालो, "ताई, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे." तिने मान खाली घातली आणि हळूच विचारले, "मग कशानं झालं, गुरुजी?"

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. एखादे कारण खोटे आहे एवढेच सांगून भागत नाही. त्या जागी काय ठेवावयाचे हेही सांगावे लागते, नाहीतर रिकाम्या जागेत जुनाच समज पुन्हा येऊन बसतो. तेव्हापासून पोटातील बाळाचा कणा घडतो तरी कसा, हे समजून घेण्याचा मला नाद लागला. त्या वाटेवर ज्या अनेक गोष्टी भेटल्या त्यांत सर्वांत नवलाची ठरली ती अ जीवनसत्त्वाची कामगिरी.

आधी कण्याकडे पाहू. माणसाच्या कण्यात बहुधा तेहतीस मणके असतात. मानेचे सात, त्याखाली बरगड्या धारण करणारे पाठीचे बारा, कमरेचे पाच, मग एकमेकांस जडून त्रिकास्थी झालेले पाच, आणि शेवटी माकडहाडाचे चार. शेळी-मेंढीच्या कण्यात बरगड्यांचे मणके साधारणतः तेरा असतात. परंतु मानेचे मणके तिलाही सातच, उंदरालाही सात आणि आभाळाला मान लावणाऱ्या जिराफालाही सातच. जिराफाचा एकेक मणका लांब होतो, संख्या वाढत नाही. उलट कोंबडीच्या मानेत चौदा मणके असतात. म्हणजे कोठे किती मणके आणि कोणत्या रूपाचे, याचा हिशेब प्रत्येक जातीत ठरलेला आहे. हा हिशेब कोण ठेवतो?

हे पाहण्यास कोंबडीच्या अंड्यासारखे सोयीचे साधन नाही. खुडूक कोंबडीखाली अंडे ठेविल्यापासून एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते. परंतु कण्याचा आराखडा पडण्यास दुसऱ्याच दिवशी आरंभ होतो. बलकावर जी लहानशी चकती असते तीत मधोमध एक रेघ उमटते, आणि त्या रेघेच्या दोन्ही अंगांना मांसाच्या बारीक ठोकळ्यांच्या जोड्या पडू लागतात. डोक्याकडून शेपटीकडे, एकामागून एक, दर दीड तासाला एक नवी जोडी. या ठोकळ्यांना आपण कायखंड म्हणू. यांपासूनच पुढे मणके, बरगड्या आणि पाठीचे स्नायू होतात. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात लीला मुल्हेरकर यांनी आणि पुढे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांनी कोंबडीच्या गर्भाच्या वाढीचा अभ्यास केला, तो याच कोवळ्या अवस्थेतील गर्भावर. महाराष्ट्रात हे शास्त्र परके नाही, हे सांगण्यासाठी एवढा उल्लेख केला.

मानवी गर्भातही हीच रीत आहे. केवळ गती मंद. गर्भ राहिल्यापासून सुमारे विसाव्या दिवशी पहिली जोडी दिसते आणि पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास शेवटची. एवढ्या पंधरा दिवसांत चाळिसांहून अधिक जोड्या पडून जातात. श्रोत्यांनी हा काळ ध्यानात ठेवावा. शेवटी आपणांस याच्याशी काम आहे. पुष्कळशा स्त्रियांना या दिवसांत आपल्याला दिवस गेले आहेत याची पुरती खात्रीही झालेली नसते.

आता खरे कोडे येते. कायखंड तयार होतात तेव्हा ते दिसावयास सारखेच असतात. मग मानेकडचा खंड मानेचाच मणका का होतो, आणि पाठीकडच्या खंडालाच बरगडी का फुटते? आमच्या गावचे उदाहरण घेतो. आषाढी वारीला निघालेली तुकोबारायांची पालखी नीरा नदीच्या वाटेने अकलूजला येते. येथे रिंगण होते. हजारो वारकरी चालतात. सर्वांच्या कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ आणि मुखी एकच नाम. परक्या माणसास सर्व सारखेच भासतील. परंतु प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. काही रथापुढे, काही रथामागे. तो क्रमांक सांगतो की तुमची जागा कोठे. कायखंडांचेही असेच आहे. घडण एक, परंतु प्रत्येकास आपला क्रमांक मिळालेला असतो.

हा क्रमांक देणारी जी जनुके, त्यांना हॉक्स जनुके म्हणतात. जनुक म्हणजे पेशीच्या केंद्रकातील गुणसूत्रांवर लिहिलेली एकेक सूचना. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत ही सर्व सूचनांची पोथी संपूर्ण असते. डोळ्याच्या पेशीतही आणि टाचेच्या पेशीतही. फरक पडतो तो पोथीचे कोणते पान उघडले यामुळे. हॉक्स जनुकांचा प्रथम सुगावा लागला तो फळमाशीत. अमेरिकेत एडवर्ड लुइस यांनी अनेक वर्षे फळमाशा पाळून असे दाखविले की, यांतील काही सूचना बिघडल्या तर माशीला दोहोंऐवजी चार पंख येतात. म्हणजे शरीराचा एक भाग दुसऱ्या भागाचे रूप घेतो. या कार्यासाठी त्यांना 1995 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे आढळले की उंदरात आणि माणसात हीच जनुके आहेत. एकंदर 39, चार ओळींत मांडलेली, आणि त्यांचे पहिल्यापासून तेराव्यापर्यंत गट पडतात. यातील मौज अशी की, गुणसूत्रावर जनुके ज्या क्रमाने बसली आहेत, बहुधा त्याच क्रमाने ती गर्भात डोक्याकडून शेपटीकडे जागी होतात. आरंभीच्या गटांची हद्द डोक्याजवळ, शेवटच्या गटांची शेपटीजवळ. जेथे ज्या जनुकांचा जो मेळ जमतो, तेथे त्या रूपाचा मणका होतो.

हे केवळ अनुमान नव्हे. 2003 साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात डेनीन वेलिक आणि मारिओ कपेकी यांनी उंदरांतून दहाव्या गटाची सर्व जनुके निकामी केली. तेव्हा कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटल्या. म्हणजे कमरेला बरगडी येत नाही ती आपोआप नव्हे. दहावा गट तेथे तिला मज्जाव करतो म्हणून. अकरावा गट काढून टाकला तर त्रिकास्थीचे मणके एकमेकांस न जडता कमरेच्या मणक्यांसारखे राहिले.

आता पुढचा प्रश्न. दिंड्यांना क्रमांक असले तरी निघण्याची वेळ कोणीतरी सांगावी लागते. चोपदाराने चोप उंचावल्यावाचून काही होत नाही. हॉक्स जनुकांना जागे करणाऱ्या ज्या खुणा आहेत त्यांपैकी एक महत्त्वाची खूण आपल्या ताटातून येते. तिचे नाव रेटिनोइक आम्ल. हे अ जीवनसत्त्वापासून होते.

अ जीवनसत्त्वाचा शोध 1913 साली अमेरिकेत मॅककॉलम आणि डेव्हिस यांनी लावला. लोणी आणि अंड्याचा बलक यांतील कोणत्याशा स्निग्ध द्रव्यावाचून उंदरांची वाढ खुंटते, असे त्यांनी दाखविले. दूध, तूप, अंडी आणि यकृत यांतून ते तयार मिळते. पालेभाज्या, गाजर, पपई, आंबा, लाल भोपळा यांतून कॅरोटिन मिळते आणि शरीर आपल्या गरजेपुरते त्याचे अ जीवनसत्त्व करून घेते. आईच्या रक्तातून हे द्रव्य रेटिनॉल या रूपाने गर्भाला पोहोचते. तेथे दोन पायऱ्यांनी त्याचे रेटिनोइक आम्ल बनते. दुसऱ्या पायरीचे काम करणारे विकर कोठे हजर आहे यावर आम्ल कोठे होणार हे ठरते. नुकत्याच पडलेल्या कायखंडांत ते विकर भरपूर असते. उलट शेपटीच्या टोकाशी दुसरे एक विकर असते. त्याचे काम आम्ल आले की त्याचा नाश करणे. म्हणजे एकीकडे कारखाना आणि दुसरीकडे झाडू. त्यामुळे गर्भाच्या लांबीवर आम्लाचे प्रमाण सर्वत्र सारखे राहत नाही. कोठे दाट, कोठे विरळ, कोठे मुळीच नाही. या चढउतारातूनच पेशीला आपण कोठे आहोत याचा एक सुगावा लागतो.

पेशीत शिरलेले आम्ल थेट केंद्रकात जाते. तेथे जनुकांच्या शेजारी ठराविक जागी ग्राहक नावाची प्रथिने जोडीने बसलेली असतात. आम्ल नसेल तेव्हा ही जोडी जनुकाचे दार ओढून धरते. आम्ल येऊन चिकटले की तिचा आकार पालटतो, दार सुटते आणि सूचना वाचली जाऊ लागते. या ग्राहकाचा शोध 1987 साली फ्रान्समध्ये पिअर शाँबाँ यांच्या आणि अमेरिकेत रोनाल्ड एव्हन्स यांच्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे लागला. पुढे काही हॉक्स जनुकांच्या लगत अशा ग्राहकांच्या बैठकीच्या जागा प्रत्यक्ष सापडल्या, आणि आहार व आकार यांमधील दुवा जुळला.

या विषयात आपल्या देशाचा वाटा आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. 1978 साली जयपूर येथे नियाझी आणि सक्सेना यांनी भेकाच्या पिल्लांचे पाय कापून त्यांना अ जीवनसत्त्वाच्या पाण्यात ठेविले. कापला होता तेवढाच भाग पुन्हा उगवावयाचा. परंतु तेथे कापल्या जागेच्या वरचे भागही नव्याने उगवले, जणू पेशींना आपण कोठे आहोत याचा विसर पडला. 1992 साली भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातील प्रियंवदा मोहंती-हेजमाडी, सुशीलकुमार दत्ता आणि सहकाऱ्यांचा प्रयोग तर जगभर गाजला. त्यांनी बेडकाच्या पिल्लांची शेपटी कापून त्यांना अ जीवनसत्त्वाच्या द्रावणात वाढविले. शेपटीच्या जागी शेपटी न येता मागचे पाय उगवले. एक नव्हे, अनेक. शेपटीच्या पेशींनी स्वतःचा क्रमांक चुकवून कमरेचा क्रमांक घेतला.

कण्यावरील प्रयोग 1991 साली जर्मनीत गटिंगेन येथील मॅक्स प्लँक संस्थेत मिखाएल केसेल आणि पेटर ग्रूस यांनी केला. उंदरीची गर्भावस्था सुमारे तीन आठवड्यांची. त्यांनी तिला सातव्या दिवशी रेटिनोइक आम्ल दिले. पिल्लांचे काही मणके आपल्यापेक्षा शेपटीकडील मणक्यांसारखे झाले. मानेच्या सातव्या मणक्यालाही बरगडी आली. तेच आम्ल दिवस-दीड दिवसाने उशिरा दिले, तर बदल उलट दिशेने झाला. आणि मणक्यांचे रूप जसे बदलले, तसतशा हॉक्स जनुकांच्या हद्दीही सरकलेल्या आढळल्या. श्रोतेहो, येथे क्षणभर थांबण्याजोगे आहे. द्रव्य तेच, प्राणी तोच. केवळ दिवस-दीड दिवसाचा फरक, आणि परिणाम उलटा!

कोणी म्हणेल, बाहेरून भरमसाट औषध पाजल्यावर काहीही होईल. निसर्गात हे आम्ल खरोखर हेच काम करते कशावरून? त्याचेही उत्तर मिळाले. 1993 साली शाँबाँ यांच्या प्रयोगशाळेत, एका प्रकारचा ग्राहकच नसलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांना औषध दिले नव्हते. तरी त्यांच्या मानेच्या काही मणक्यांनी डोक्याकडील शेजाऱ्याचे रूप घेतले. पुढे 2001 साली आम्लाचा नाश करणारे शेपटीकडील विकर नसलेले उंदीर पाहण्यात आले; त्यांचे मणके विरुद्ध दिशेने, शेपटीकडील शेजाऱ्यासारखे झाले, आणि शरीराचा मागील भाग खुंटला. खूण ऐकणारा नसला तरी चूक, आणि खूण वेळेवर थांबविणारा नसला तरी चूक.

या आम्लाचे आणखी एक काम आहे. कायखंड डाव्या-उजव्या बाजूंना एकाच वेळी पडावे लागतात. 2005 साली ऑलिव्हिए पूर्किए यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की, रेटिनोइक आम्ल बनूच दिले नाही तर दोन बाजूंचा ताल सुटतो आणि एक बाजू मागे पडते. आमच्या कवायतीत डावी रांग एक पाऊल चुकली म्हणजे सारी ओळ तिरपी होते, तसेच हे. एका बाजूचा अर्धाच मणका तयार झाला तर तो पाचरीसारखा बसतो आणि वाढत्या वयाबरोबर कणा कलतो. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या क्ष-किरण चित्रात डॉक्टरांना अशीच पाचर दिसली होती.

परंतु येथे मला फार जपून बोलावयाचे आहे. त्या मुलाचा कणा अ जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा अतिरेकाने वाकला असे मी म्हणत नाही; तसे म्हणण्यास कोणताही आधार नाही. जन्मजात वाकलेल्या कण्यांपैकी बहुतेकांचे नेमके कारण वैद्यांनाही दाखविता येत नाही. काही घराण्यांत जनुकांतील दोष आढळतो, गरोदरपणापूर्वीपासून आईला असलेला अनियंत्रित मधुमेह हे काही विकृतींचे ज्ञात कारण आहे, आणि पुष्कळदा नुसता योगायोग. शिवाय क्रमांकाची बारीकसारीक चूक निरोगी माणसातही आढळते. काही वर्षांपूर्वी कंबर धरली म्हणून माझ्या पाठीचे चित्र काढले, तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "गुरुजी, तुमचा कमरेचा शेवटचा मणका त्रिकास्थीला जडलेला आहे, जन्मापासूनच." साठ वर्षे मी तो वाहिला आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. क्वचित कोणाच्या मानेच्या सातव्या मणक्याला लहानशी बरगडीही असते. माझ्या आईने कोणत्या ग्रहणात काय केले होते, हे सुदैवाने कोणी विचारले नाही.

मग या ज्ञानाचा आपल्या घरात उपयोग तो कोणता? उपयोग हा की, कमी आणि जास्त या दोन्हींची भीती कोठे खरी आहे, ते कळते.

प्रथम कमीची गोष्ट. 1933 साली अमेरिकेत टेक्सास येथे फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला अ जीवनसत्त्वावाचून ठेविले; तिला अकरा पिल्ले झाली आणि एकालाही डोळ्याचे बुबुळ नव्हते. लोक याला आनुवंशिक दोष समजत. हेल यांनी दाखविले की दोष आहारात होता, कारण त्याच वंशाच्या डुकरिणींना नीट आहार मिळताच पिल्ले निर्दोष झाली. जपानी लाव्ही पक्ष्यांना हे जीवनसत्त्व मुळीच मिळू दिले नाही तर त्यांच्या अंड्यांतील गर्भ चार दिवसांच्या आत मरतो. वेळेत रेटिनॉल टोचले तर सावरतो. माणसात एवढा संपूर्ण अभाव सहसा नसतो; परंतु गरोदर स्त्रीला दिवेलागणीच्या सुमारास दिसेनासे होणे, म्हणजे रातांधळेपणा, हे अ जीवनसत्त्व कमी पडल्याचे स्पष्ट लक्षण आहे. "गरोदरपणात असं होतंच" म्हणून ते झाकून ठेवू नये. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगावे. शेवग्याचा पाला, मेथी, तांदुळजा, राजगिरा, पपई, गाजर, लाल भोपळा, दूध, अंडी ही आपल्या भागात मिळणारी अन्ने आहेत. भाजीत थोडे तेल पडले म्हणजे कॅरोटिन अंगी लागते. आणि भाजीपाल्याने अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. शरीर हवे तेवढेच बनविते.

आता जास्तीची गोष्ट. तयार अ जीवनसत्त्व यकृतात साठते आणि सहज बाहेर पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गर्भारपणी पूरक म्हणून ते देणे भाग पडले, तरी दिवसाला 10,000 एककांहून किंवा आठवड्याला 25,000 एककांहून अधिक असू नये. आपल्याकडे बालकांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाचे डोस पाजतात. पहिला एक लाख एककांचा आणि पुढचे दर सहा महिन्यांनी दोन लाखांचे. 1970 साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाने अंधत्व टाळण्याचे मोठे काम केले आहे. परंतु बाळाचा तो डोस उरला म्हणून गरोदर आईने घ्यावा असे कदापि होऊ नये. बकऱ्याची कलेजीही पौष्टिक खरी. परंतु तिच्यात तयार अ जीवनसत्त्व इतके दाट असते की गरोदर स्त्रीने ती वरचेवर खाऊ नये.

सर्वांत मोठा धोका आहे तो औषधाच्या गोळीत. तोंडावरील हट्टी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाचे औषध देतात. ते रेटिनोइक आम्लाचेच एक रूप होय. 1982 साली ते अमेरिकेत विक्रीस आले आणि तीनच वर्षांत एडवर्ड लॅमर व सहकाऱ्यांनी अशा 154 गरोदर स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या गर्भास हे औषध पोहोचले होते. त्यांत 21 बालके विकृती घेऊन जन्मली. दोष मुख्यतः कान, चेहरा, हृदय आणि मेंदू यांत होते. कारण उघड आहे; रेटिनोइक आम्लाची खूण केवळ कण्यात चालत नाही, त्या अवयवांतही चालते. मुरुमांवर औषध गुणकारी आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु ते घेत असता आणि थांबविल्यावर एक महिनापर्यंत गर्भ राहता कामा नये. सोरायसिस या त्वचारोगावरील ॲसिट्रेटिन या गोळीनंतर तर तीन वर्षे थांबावे लागते. आपल्या मुलींची लग्ने ठरतात तेव्हा चेहरा नितळ व्हावा म्हणून घरात घाई असते. मैत्रिणीने सांगितले, दुकानात मिळाले, म्हणून गोळ्या आणल्या जातात. आणि लग्नानंतर त्या चालूच राहतात. त्या मुलीला हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून आज मी मुद्दाम सांगत आहे: अशी गोळी त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये, आणि लग्न ठरले असल्यास किंवा झाले असल्यास ते त्यांच्या कानावर आधी घालावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही. चुकून गोळी घेत असतानाच दिवस गेले, तर घाबरून लपवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आता पुन्हा त्या माउलीकडे येतो. शाळेचे जनरल रजिस्टर म्हणजे शिक्षकाचे पंचांग. एके दिवशी जुने रजिस्टर काढून मी त्या मुलाची जन्मतारीख पाहिली. जानेवारी 2000 चा मध्य. मूल पुऱ्या दिवसांचे होते. गर्भ राहिल्यापासून जन्मापर्यंत साधारण 266 दिवस धरतात. ते मागे मोजले तर एप्रिल 1999 चा शेवटचा आठवडा येतो. त्यात वीस दिवस मिळविले म्हणजे मे महिन्याचा मध्य आणि पस्तीस मिळविले म्हणजे मेची अखेर. त्या बाळाचे कायखंड पडले ते त्या पंधरवड्यात. आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, आईला पुरती चाहूलही नसताना. पुढील दोन-तीन आठवड्यांत मणक्यांचे कोवळे सांगाडेही उभे राहिले. आणि ग्रहण केव्हा? 11 ऑगस्टला, म्हणजे सुमारे 109व्या दिवशी. दहा-पंधरा दिवस इकडे-तिकडे झाले तरी हिशेब बदलत नाही. तिने विळीवर भाजी चिरली तेव्हा त्या कण्याची मांडणी होऊन दोन महिने उलटले होते. जे होऊन गेले होते ते त्या सावलीने कसे करावे?

हा हिशेब मी कागदावर मांडून तिच्या घरी गेलो तेव्हा मुलगा दहावीत होता. त्यानेच तो आईला वाचून दाखविला, वजाबाकी पुन्हा करून पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, बरोबर आहे." आई बराच वेळ बोलली नाही. मग तिने सासूबाईंना हाक मारली आणि मुलाला म्हणाली, "आजीलापण वाच."

मला वाटते, शास्त्राचा उपयोग तो हाच. ते सर्व दुःखांचे कारण सांगू शकत नाही. परंतु जिच्या माथी नसलेला दोष मारला आहे तिचा भार ते उतरवू शकते, आणि जेथे खरी काळजी घ्यावयास हवी तेथे आपले बोट धरून नेऊ शकते. कणा घडण्याचे दिवस थोडे आणि अगदी आरंभीचे. म्हणून मूल हवे असणाऱ्या दांपत्याने दिवस जाण्यापूर्वीच आहाराची, मधुमेहाच्या तपासणीची आणि चालू औषधांची चौकशी करावी; फॉलिक आम्लाची गोळी तेव्हापासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. पाळावयाचे असेल तर हे पाळावे.